आधी माहिती मागा, मग नोकरी: मराठवाड्यातून वाळूजच्या वाटेला लागणाऱ्यांसाठी

आयटीआय आणि पदविकेचे निकाल लागले, की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर हातात प्लास्टिकची फाइल धरलेली मुले दिसू लागतात. ती एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जातात, सुरक्षारक्षकाकडे बायोडाटा देतात, ‘कळवू’ एवढा शब्द घेऊन रांजणगावच्या किंवा बजाजनगरच्या खोलीवर परततात आणि पंधरा दिवसांनी पैसे संपले की गावाकडची बस धरतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी अठरा वर्षे भरतीचे काम पाहिले आहे. गेटवर दिलेल्या त्या कागदांपैकी फारच थोडे माझ्या टेबलापर्यंत पोहोचत, हे मला येथे प्रथम सांगितले पाहिजे. एखाद्या मशिनवरची जागा रिकामी झाली, की मी सुपरवायझरला किंवा जुन्या सेटरला (मशिन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराला) विचारत असे, ‘तुमच्या पाहण्यात कोणी मुलगा आहे का?’ आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत ती जागा भरत असे.

यामागे कोणाचा डाव नसतो. लहान कारखान्याला मोठ्या कंपनीचा माल ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो, मशिन एक पाळी जरी बंद राहिले तरी ती तारीख चुकते, त्यामुळे जाहिरात देऊन शंभर अर्ज चाळायला त्याच्याकडे सवड नसते. शिवाय जो माणूस नाव सुचवतो तो त्या मुलाची थोडीशी जबाबदारीही घेतो, आणि ही हमी कोणत्याही प्रमाणपत्रात नसते. म्हणून नोकरी शोधणाऱ्याचे पहिले काम अर्ज वाटण्याचे नाही. ज्यांना विचारले जाते अशा माणसांच्या माहितीत येण्याचे ते काम आहे.

येथे अनेकांचा एक गैरसमज आडवा येतो. ‘आमची कुठे ओळख आहे?’ असे आपल्याकडे म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात वशिला असतो. वशिल्यात कोणाच्या तरी वजनाने जागा मिळते, आणि त्या जागेवरचे काम आपल्याला येते की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. ओळखीत मात्र समोरच्याला आपण काय शिकलो, कोणत्या मशिनवर हात बसला आहे आणि कोणत्या दिवसापासून कामावर येऊ शकतो, हे ठाऊक असते. वशिला सगळ्यांना लावता येत नाही, परंतु अशी ओळख धारूर किंवा औंढ्याच्या शेतकऱ्याच्या मुलालाही महिन्याभरात करून घेता येते.

त्यासाठी एक वही घ्यावी आणि वीस नावे लिहून काढावीत. आपल्याच आयटीआयमधून दोन-तीन वर्षे आधी बाहेर पडलेली मुले, आपले निदेशक, पदविकेच्या महाविद्यालयातील प्लेसमेंट पाहणारे शिक्षक, गावातून संभाजीनगर, जालना किंवा चाकणला कामाला गेलेली माणसे, बहिणीच्या सासरकडची मंडळी, पूर्वी ज्याच्या वर्कशॉपमध्ये सुटीत काम केले तो मालक, अशी नावे आठवत गेले की वीसचा आकडा सहज होतो. या प्रत्येकाकडे नोकरी मागू नये, माहिती मागावी. नोकरी मागितली, की समोरच्याला एक तर ‘हो’ म्हणावे लागते किंवा ‘नाही’, आणि ‘नाही’ म्हणणे अवघड वाटल्यामुळे तो फोन उचलणेच टाळतो. माहिती मात्र कोणीही आनंदाने देतो, कारण ती देताना त्याच्या अनुभवाला मान मिळतो.

पहिला निरोप थोडक्यात आणि स्पष्ट असावा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार दादा. मी कळंबच्या आयटीआयमधून यंदा टर्नर ट्रेड पूर्ण केला आहे. आपल्या निदेशक सरांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही सीएनसी मशिनवर काम करता असे कळले. नवीन मुलाला तिथे सुरुवातीला काय यावे लागते, हे विचारायचे होते. रविवारी दहा मिनिटे फोन केला तर चालेल का?’ यात आपण कोण, नंबर कोठून मिळाला, काय हवे आणि किती वेळ लागेल या चारही गोष्टी आल्या आहेत. नुसते ‘हाय दादा, काही जॉब आहे का?’ असे लिहिले, तर त्याला उत्तर देण्यासारखे काहीच सापडत नाही. न विचारता बायोडाटाची फाइल पाठवून देऊ नये. तो समोरच्याने मागितला, तर समजावे की आपले बोलणे नीट झाले.

फोनवर विचारायचे प्रश्नही आधी लिहून ठेवावेत. तुमच्याकडे कोणत्या कंट्रोलची (मशिन चालवणाऱ्या संगणक प्रणालीची) मशिने आहेत, नवीन मुलाला किती दिवसांत स्वतंत्र मशिन देतात, मुलाखतीत ड्रॉइंग वाचायला लावतात की व्हर्निअर आणि मायक्रोमीटरवर माप घ्यायला लावतात, भरती कंपनीकडून होते की कंत्राटदाराकडून, आणि खोलीभाडे व मेस धरून महिन्याला हातात काय उरते, एवढे विचारले तरी पुरे. शेवटी, ‘आणखी कोणाशी बोललो तर बरे होईल?’ हा प्रश्न न चुकता विचारावा, कारण वहीतील एकविसावे नाव त्यातूनच मिळते. मग दोन-तीन आठवड्यांनी, सांगितलेल्यापैकी आपण काय केले ते कळवावे. ‘दादा, तुम्ही म्हणालात म्हणून मायक्रोमीटरचा सराव केला, आता शतांश मिलिमीटरपर्यंत माप न चुकता घेता येते,’ असा निरोप ज्याला जातो, त्याला पुढच्या वेळी सुपरवायझरने विचारल्यावर हाच मुलगा आठवतो. माझ्याकडे आलेल्या चांगल्या मुलांपैकी बरीच मुले नेमकी अशीच आली होती.

ओळखीची वाट फक्त फोनमधून जाते असेही नाही. ‘मसिआ’ ही लघुउद्योजकांची आणि ‘सीएमआयए’ ही उद्योजकांची संघटना संभाजीनगरात काम करतात, आणि उद्योगांचे प्रदर्शन भरते तेव्हा एरवी गेटच्या आत असणारे अभियंते आणि मालक स्वतः स्टॉलवर उभे असतात. तेथे दुपारी गर्दी ओसरल्यावर जावे, मशिनविषयी एक खरा प्रश्न विचारावा आणि नाव लिहून घ्यावे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय, सीएनसी आणि डिझाइनचे लांब-आखूड अभ्यासक्रम चालतात. तेथे शिकताना जे सहाध्यायी भेटतात, तेच पुढे पाच-सात कारखान्यांत पसरतात. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. महास्वयम संकेतस्थळावरची नोंदणी आणि तेथून भरणारे रोजगार मेळावे यांना शुल्क नसते. मेळाव्यात पंचवीस टेबलांवर बायोडाटा देण्यापेक्षा चार टेबलांवर नीट बोलावे, असे माझे मत आहे.

कोणते काम कोठे आहे याचा अंदाजही हवा. वाळूजला १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लहान कारखाने उभे राहिले, म्हणून टर्नर, मशिनिस्ट, फिटर, वेल्डर यांना तेथे वाव आहे. चिकलठाण्यात औषधनिर्मिती असल्याने बी.एस्सी. आणि फार्मसीच्या मुलांनी तिकडे पाहावे. शेंद्रा आणि बिडकीन येथे ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक वसाहत वाढते आहे. जालन्यात सळईचे कारखाने आणि बियाणे कंपन्या आहेत, तर लातुरात डाळ मिल, तेलप्रक्रिया आणि शिकवणी वर्गांचा मोठा व्यवसाय आहे. शेतीची पदवी घेतलेल्याने परभणीच्या कृषी विद्यापीठातील आपल्या वरच्या वर्गांतल्यांची यादी केली, तर बियाणे व खत कंपन्यांतील बरीच माणसे तेथेच सापडतील.

शिकाऊ उमेदवारीला कमी लेखू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असते आणि शेवटी कायम करण्याची हमी नसते, हे खरे आहे. परंतु मोठ्या कारखान्यातील एक वर्षाच्या उमेदवारीने जे शिक्षण आणि ज्या ओळखी मिळतात, त्या लहान ठिकाणी तीन वर्षे हेल्परचे काम करूनही मिळत नाहीत.

बायोडाटा एका पानाचा पुरतो. त्यावर वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, उंची यांची गरज नाही. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ट्रेड, हाताळलेली मशिने, वापरता येणारी मोजमापाची साधने आणि कधीपासून कामावर येता येईल ते यावे. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे प्रत्येकजण लिहितो आणि ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी ‘सहा महिने लेथवर दिवसाला अमुक नग काढले’ असे लिहिलेले नजर थांबवते.

ज्यांनी काही वर्षे स्पर्धा परीक्षेत घालवली, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात अशी घरे गावोगाव आहेत आणि त्या मुलांच्या मनावरचे ओझे मी मुलाखतीच्या टेबलापलीकडून पाहिले आहे. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील किंवा पुण्यातील अभ्यासिकेत चार-पाच वर्षे काढून अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी परतलेला मुलगा त्या वर्षांविषयी बोलताना मान खाली घालतो, किंवा मग बायोडाटात खोटा अनुभव लिहितो. दोन्ही करू नये. खोटा अनुभव एका फोनमध्ये उघडा पडतो, विशेषतः वाळूजसारख्या ठिकाणी, जेथे भरती पाहणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. सरळ लिहावे: ‘२०२० ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची तयारी; पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण.’ मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत सांगून आजच्या कामाकडे वळावे. वाचनाची सवय, मराठीत स्वच्छ मसुदा लिहिणे आणि आकडेमोड या गोष्टी स्टोअर, डिस्पॅच, लेखा विभाग, टाइम ऑफिस (हजेरीचा विभाग), पतसंस्था आणि बँकांच्या वसुली व कर्ज विभागांत रोज लागतात. त्यात टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि एक्सेल यांची तीन महिन्यांची भर घातली, की वयाचा प्रश्न बराच मागे पडतो. मात्र पगार सुरुवातीला बाविशीच्या मुलाइतकाच मिळेल, ही तयारी ठेवावी आणि घरच्यांनाही ते आधी सांगावे. शेतीत गेलेली वर्षेसुद्धा लपवू नयेत. ठिबकची देखभाल, मजुरांचा हिशेब आणि बाजार समितीतील व्यवहार हे कामच आहे.

आता पैशांविषयी एक कडक नियम सांगतो. नोकरीसाठी कोणालाही, कोणत्याही नावाने, एक रुपयाही देऊ नये. नोंदणी, गणवेश, वैद्यकीय तपासणी, अनामत, ‘साहेबांचे’ अशी नावे बदलतात, व्यवहार तोच राहतो. मोठ्या कंपनीचे नाव आणि चिन्ह असलेले नेमणूकपत्र मोबाइलवर आले आणि त्यासोबत पैसे भरायचा क्रमांकही आला, तर त्या कंपनीच्या टाइम ऑफिसात स्वतः जाऊन चौकशी करावी. गावातील ओळखीच्या माणसाने ‘कायम करून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर त्याला भीडेपोटीही होकार देऊ नये. अशा व्यवहारात जमिनीचा तुकडा गहाण पडलेली कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत, आणि ती कुटुंबे नंतर तक्रारही करत नाहीत, कारण पैसे घेणारा सोयराच असतो.

जागा मिळाली, की रुजू होण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. हजेरी कोणाच्या नावावर, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापले जाणार का? जादा वेळेचे पैसे कोणत्या दराने? नेमणूकपत्र केव्हा मिळेल? भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कामगाराची जाते आणि मालकही तेवढाच वाटा घालतो. त्यासाठीचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून दुसऱ्या ठिकाणी नवा क्रमांक काढू देऊ नये. ईएसआय मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होते आणि कामगाराकडून केवळ ०.७५ टक्के कापले जातात. त्यात कुटुंबाच्या दवाखान्याची सोय होते, हे अनेकांना आजारपण आल्यावरच कळते. कारखान्यातील जादा वेळेचा दर नेहमीच्या दुप्पट असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागताना संकोच नको. पगारातून निधी कापला जातो पण खात्यात भरला जात नाही, असेही घडते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक मोबाइलवर उघडून पाहावे आणि पगारपत्रके एका फाइलीत साठवावीत.

कामावर टिकण्याचा प्रश्न मिळवण्याइतकाच मोठा आहे. आपल्या मुलांच्या नोकऱ्या मी सर्वांत जास्त ज्या कारणाने जाताना पाहिल्या, ते कारण कामातील चूक नव्हे, न सांगता गावी जाणे हे आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला येते. पाऊस केव्हा गाठेल याचा भरवसा नसतो आणि मजूर मिळत नाहीत, म्हणून वडिलांचा फोन येतो आणि मुलगा रात्रीच्या गाडीने निघतो. नेमक्या त्याच आठवड्यांत दसरा-दिवाळीच्या वाहनविक्रीसाठी कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू असतो. मुलाचे जाणे मला समजत असे, कारण माझ्याही घरी सोयाबीन आहे. पण मशिन रिकामे पाहून सुपरवायझरला मात्र त्या मुलाचा भरवसा नाही एवढेच दिसत असे. ऑगस्टमध्येच सुपरवायझरला सांगावे, ‘सर, आमची काढणी साधारण दसऱ्याच्या सुमारास येते. मला चार दिवस लागतील. त्याबदल्यात मी आधीचे दोन रविवार येतो, आणि माझ्या मशिनवर शेजारच्याला तयार करून ठेवतो.’ अशी आगाऊ विनंती माझ्याकडे आली, तर मी ती क्वचितच नाकारली. अचानक निघावे लागलेच, तर बसमध्ये बसण्याआधी फोन करावा. परतल्यावर दिलेला खुलासा फारसा उपयोगी पडत नाही. लग्नसराईलाही हेच लागू आहे, फक्त तेथे कोणत्या लग्नाला जायचे आणि कोणाला रात्रीच्या जेवणावर भेटून यायचे हे घरच्यांशी बोलून ठरवावे लागते.

माल बिघडला तर तो लपवू नये. पहिला नग चुकला हे लगेच सांगितले तर एक नग जातो, पाळी संपताना उघड झाले तर अख्खी पेटी परत येते. सुपरवायझर चारचौघांत ओरडला, तर त्या वेळी उत्तर न देता पाळी सुटल्यावर एकट्याला भेटून, ‘सर, चूक माझी होती, पण सगळ्यांसमोर बोललात ते लागले, पुढे मला बाजूला घेऊन सांगा,’ असे शांतपणे म्हणावे. बहुतेक जण ते मान्य करतात. मशिनवरचे संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, काढून मशिन चालवायला सांगितले तर मात्र नम्रपणे, पण ठाम नकार द्यावा, आणि तो नकार लेखी निरोपात कळवावा. प्रेस मशिनवर बोटे गमावलेल्या मुलांना मी घाटी रुग्णालयात भेटायला गेलो आहे. त्या दिवसाचे उत्पादन कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

महिला कर्मचाऱ्यांनी २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची माहिती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. त्यामुळे तारीख, वेळ, कोण उपस्थित होते हे त्याच दिवशी लिहून ठेवणे फार महत्त्वाचे ठरते.

नोकरी सोडतानाही घाई करू नये. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या प्लॉटमध्ये न सांगता जाणाऱ्याचा अनुभव कागदावर उरत नाही. राजीनामा लेखी द्यावा, नेमणूकपत्रातील सूचनेचा काळ पाळावा, अनुभवपत्र घ्यावे आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात काम सोडल्याची तारीख नोंदली गेली की नाही ते तपासावे, कारण ती नसेल तर पैसे काढताना अडचण येते.

नोकरीत सहा महिने झाले, की आपल्या आयटीआयच्या निदेशकांना फोन करावा. पुढे आपल्या विभागात जागा निघेल तेव्हा त्यांना नीट निरोप पाठवावा: कोणता ट्रेड, कोणते मशिन, हजेरी कोणाच्या नावावर, हातात येणारा पगार, जवळच्या खोलीचे भाडे आणि गेटवर कोणाला भेटायचे. ज्या मुलाचे काम आपण पाहिलेले नाही, त्याच्यासाठी शब्द टाकू नये. त्याला फक्त ही माहिती द्यावी, आणि रविवारी दहा मिनिटांचा त्याचा फोन आला तर तो उचलावा.